मागच्या कप्प्याला हात लावायचा नाही

३ मार्च, मंगळवार

ही डायरी दातांच्या डॉक्टरीणबाईंनी दिली. टूथपेस्टच्या कंपनीची आहे. प्रत्येक पानाच्या तळाशी दातांबद्दल एक सूचना छापली आहे. मार्च उजाडला तरी त्यांच्याकडे उरली होती म्हणून माझ्या वाट्याला आली, हे मला कळतं. पण कागद गुळगुळीत आहे. कोरा कशाला ठेवायचा, म्हणून लिहितोय.

बाईंचा कॉम्प्युटर सुरूच होत नव्हता. मी कान लावला. लोक हसतात, पण माझं निम्मं निदान कानावर चालतं. हार्ड डिस्क टकटक करत असली तर ती गेली. नुसती घुरघुरत असली तर ती शाबूत आहे, वरचं विंडोज बिघडलंय. बाईंची घुरघुरत होती. म्हणजे काम सोपं. डिस्कच्या मागच्या बाजूला कंपनीने एक कप्पा राखून ठेवलेला असतो, रिकव्हरीचा. मशीन चालू करताना ठरावीक बटण दाबलं की त्या कप्प्यातून सगळं पुन्हा उतरतं आणि कॉम्प्युटर दुकानातून आणला त्या दिवशीसारखा कोरा होतो. कोरा म्हणजे अगदी कोरा. मालकाने नंतर जे जे भरलं ते सगळं साफ.

म्हणून माझं रजिस्टर आहे. बटण दाबण्याआधी मी गिऱ्हाइकाला तीन वेळा विचारतो, "आत काही आहे का?" आणि उत्तर त्यांच्याच हाताने लिहून सही घेतो. तीन वेळा का, तर माणूस पहिल्या वेळी नेहमी नाही म्हणतो. बाईंचंच बघा. पहिल्यांदा म्हणाल्या, "छे, काही नाही." दुसऱ्यांदा, "फोटो असतील थोडेफार." तिसऱ्यांदा दाराकडे बघून घेतलं, आवाज उतरवला आणि म्हणाल्या, "कविता आहेत. पण आमच्या ह्यांना माहीत नाही." मी आधी कविता काढून दिल्या, मग बटण दाबलं. डायरी त्या बदल्यात.

रात्रीच्या जेवणात हे घरी सांगितलं. नाव न घेता, अर्थात. सासरे आमच्याकडेच असतात. टेलिफोन खात्यात खांब आणि तारा सांभाळण्यात जन्म गेला, आता ऐकायला कमी येतं. कानाचं मशीन ड्रॉवरमध्ये आणि स्वतः स्वतःच्या तंद्रीत. म्हणून त्यांच्यासाठी मोठ्याने पुन्हा सांगितलं, "बाबा, घर जळालं तरी तिजोरी राहते ना, तसा तो मागचा कप्पा! पुढचं सगळं पुसलं तरी त्याला धक्का लागत नाही! मी स्वतःसुद्धा त्याला कधी हात लावत नाही!"

"हो हो," बाबा म्हणाले. "हे तुम्ही चार वर्षांपूर्वीही सांगितलं होतं."

म्हातारपणी जुनं तेवढं लक्षात राहतं.

५ मार्च, गुरुवार

घरचा कॉम्प्युटर गोगलगायीसारखा चालतोय. शिवाय कोपऱ्यात सारखा एक पिवळा फुगा येतो, "रिकव्हरी डिस्कवर जागा कमी आहे." ज्या कप्प्यात कुणी काही ठेवतच नाही तिथली जागा कमी कशी होईल? कंपनीचा गाढवपणा. फुली मारली की जातो. बाबाही मारतात. सकाळी दहा ते बारा ते एका बोटाने टायपिंगचा सराव करतात, तेव्हा मधूनमधून ऐकू येतं, "जा रे बाबा, मला माहीत आहे."

स्वतःशी बोलायला लागलेत. हिला सांगितलं पाहिजे.

८ मार्च, रविवार

सकाळी ही बाबांना घेऊन डोळे तपासायला गेली. म्हटलं, येईपर्यंत कॉम्प्युटर नवाकोरा करून ठेवू, खूश होतील. बटण दाबलं, चहा टाकला, चहा पिऊन होईतो काम संपलं. मशीन पाण्यासारखं पळायला लागलं. मी खुर्चीत रेलून बसलो, मानपत्र घ्यायला बसतात तसा.

ही आली. स्क्रीनकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. मला हाताला धरून स्वयंपाकघरात नेलं.

"बाबांचं पुस्तक कुठे काढून ठेवलंत?"

"कसलं पुस्तक?"

"अहो, चार वर्षं रोज सकाळी काय करतात ते, काय वाटलं तुम्हाला?"

"टायपिंग शिकतायत."

"चार वर्षं? एका बोटाने?"

मग सगळं कळलं. खात्यातल्या आठवणी. तेरा-चौदा प्रकरणं. पाच एप्रिलला टेलिफोनवाल्या निवृत्तांचा मेळावा आहे. त्यात प्रत्येकाच्या हातात एकेक प्रत द्यायची, असं बाबांनी ठरवलंय. बरोबर खांबावर चढलेल्यांपैकी आता नऊजणच उरलेत. गेल्या वर्षी बारा होते. म्हणून याच वर्षी. छापखानेवाल्याशी बोलणंही झालंय, त्याला एक तारखेला मजकूर द्यायचाय.

"मला कुणी सांगितलं का नाही?"

"जेवताना दहादा सांगितलं असेल. तुम्ही तेव्हा गिऱ्हाइकांच्या गोष्टी सांगत असता."

गावभर तीनतीनदा विचारत फिरणारा मी, घरात एकदाही विचारलं नाही. ही म्हणाली, "सरळ जाऊन सांगा." मी म्हटलं, "एवढं वय, त्यात ब्लडप्रेशर. सांगू कसा?" कुजबुजतच बोलत होतो, आणि बाबा बाहेरच्या खोलीत, टीव्ही लावून. तरी मी दार लोटून घेतलं.

मग बाहेर येऊन मोठ्याने सांगितलं, "बाबा! कॉम्प्युटर बिघडलाय! दुकानात नेतो! दोनतीन आठवडे लागतील!"

बाबांनी टीव्हीवरची नजर न काढता विचारलं, "त्या मागच्या कप्प्याला नाही ना हात लावला?"

"नाही हो! त्याला कसा लावीन?"

"मग बरं," असं म्हणून त्यांनी टीव्ही बंद केला आणि दुपारची झोप काढली. घोरण्याचा आवाज अगदी निश्चिंत. मला मात्र जेवण गेलं नाही.

१० मार्च, मंगळवार

दोन दिवस दुकानात पुसलेल्या फायली शोधणारी तीन सॉफ्टवेअरं चालवली. पुसलं त्याच जागेवर नवं विंडोज लिहिलं गेलेलं, त्यामुळे हाती काय लागलं तर खांबांचे अर्धे कापलेले अकरा फोटो आणि एक पान. पानावर एवढंच: "साहेब खाली, बकरी वर, आणि मी मधे."

फुगा पुन्हा आला. जागा कमी आहे म्हणे. कोऱ्या मशीनमध्ये! फुली मारली.

डायरीच्या तळाशी: दुखण्याआधीच दात दाखवा.

११ मार्च, बुधवार

उपाय सापडला. "साहेब खाली, बकरी वर" हे वाचल्या वाचल्या मला पुढचं सगळं आठवलं. बकरी दुरुस्तीच्या गाडीच्या टपावर चढते, टेस्टिंगचा फोन चघळते, आणि तिकडे हेड ऑफिसमधला माणूस तिचं मॅ ऐकून "हो साहेब, हो साहेब" म्हणत राहतो. ही गोष्ट मी जेवताना कमीत कमी चाळीस वेळा ऐकली आहे. माझे कान आहेतच तसे. लक्ष नसलं तरी आत उतरत राहतं. म्हणजे अख्खं पुस्तक माझ्या डोक्यात आहे! नुसतं उतरवून काढायचं. माणूसच रिकव्हरीचा कप्पा.

दुपारी दुकानाचं दार लोटून लिहायला बसतो. पहिलं प्रकरण झालंसुद्धा.

१४ मार्च, शनिवार

वाटलं तेवढं सोपं नाही. जिथे अडतं तिथे जेवताना हळूच बाबांना विचारतो. ते आनंदाने सांगतात, पण दर वेळी वेगळं. आज बकरीची म्हैस झाली.

"बाबा! बकरी होती ना?"

"म्हैस हो. बकरीला फोन कसा पेलेल?"

"टपावर म्हैस कशी चढली?"

"तेच तर साहेबांनी विचारलं."

हिला जोराचा ठसका लागला, पाणी प्यायला उठून गेली. मी बकरीच ठेवणार आहे. मूळ पुस्तकात बकरी आहे, पुरावा माझ्याकडे आहे.

१७ मार्च, मंगळवार

मी घरात शिरलो की ही आणि बाबा बोलता बोलता गप्प होतात. हिचा चेहरा लाल, बाबा छताकडे बघतात. बहुतेक ती त्यांच्या मनाची तयारी करतेय. मोठ्या मनाची बायको आहे.

आज बाबांनी तेराव्या प्रकरणापर्यंतचं सगळं आपणहून सांगितलं, अगदी क्रमाने. मी मधेच बाथरूममध्ये जाऊन मुद्दे टिपून आलो. मग हात धुताना म्हणाले, "चौदावं प्रकरण तुमच्यावर आहे, जावईबापू."

"माझ्यावर? काय लिहिलंय?"

"ते नाही सांगणार. छापल्यावर वाचा."

बाकीची तेरा ऐकलेली आहेत. हे कधीच ऐकलेलं नाही.

१९ मार्च, गुरुवार

चौदावं प्रकरण. काय लिहिलं असेल?

आमचं लग्न त्यांना मान्य नव्हतं. जिन्याखाली टेबल टाकून रेडिओ दुरुस्त करणारा मुलगा, ना शिक्षण ना कुणाचा आधार. दोन वर्षं माझ्याशी अवाक्षर बोलले नाहीत. मग एक दिवस बोलायला लागले. का, ते मी विचारलं नाही, त्यांनीही सांगितलं नाही. त्याला आता चोवीस वर्षं झाली. एका घरात राहतो, एकाच टेबलावर जेवतो, पण माझ्याबद्दल त्यांचं काय मत आहे ते मला माहीत नाही.

आणि आता ते मलाच लिहायचंय.

पहिल्यांदा सहा ओळी लिहिल्या. "माझा जावई कष्टाळू आहे." फारच कोरडं वाटलं. बाबा हाताचे सढळ आहेत.

२१ मार्च, शनिवार

सहा ओळींची दीड पानं झाली.

२३ मार्च, सोमवार

साडेतीन पानं. जिन्याखालचं टेबल, पहिलं दुकान, पहिला कॉम्प्युटर रात्रीत उघडून सकाळी जोडला तो प्रसंग, सगळं घेतलं. एका ठिकाणी "त्याची दूरदृष्टी पाहून मी थक्क होत असे" असं लिहिलं. जास्त होतंय का? खोडलं. मग विचार केला, म्हातारा माणूस आहे, प्रेमाने लिहिणार, चार शब्द जास्तच जाणार. परत घातलं.

शेवटी "त्याला मी माझा मुलगाच मानतो" असं लिहिलं. ते मात्र खोडलं आणि खोडलेलंच ठेवलं. ते मी लिहायचं वाक्य नाही.

डायरीच्या तळाशी: गोड खाल्ल्यावर चूळ भरा.

२८ मार्च, शनिवार

झालं. मुद्दाम बाबांसारख्या दोन-चार चुकाही घातल्या. फाईलला नाव दिलं "पुस्तक", डेस्कटॉपवर मधोमध ठेवली आणि कॉम्प्युटर घरी आणून जोडला.

"बाबा! झाला दुरुस्त! तुमचं सगळं जसंच्या तसं आहे!"

"वा," बाबा म्हणाले आणि चष्मा पुसायला घेतला. फार वेळ पुसत होते.

३० मार्च, सोमवार

दोन दिवस वाचतायत. मी दुकानात निघताना खुर्चीत, परत येतो तेव्हाही खुर्चीत. मधेच खांदे हलतात. रडतायत की काय, या भीतीने मी जवळ जात नाही. उद्यापर्यंत काही बोलले नाहीत तर परवा मजकूर छापखान्यात जाईल आणि मी सुटलो.

३१ मार्च, मंगळवार

सुटलो नाही.

जेवण झाल्यावर बाबा म्हणाले, "चौदावं प्रकरण वाचून दाखवतो. छापायच्या आधी जावयाची परवानगी घ्यावी."

मी म्हटलं, "कशाला, राहू द्या."

"नाही नाही, बसा." आणि माझी साडेतीन पानं त्यांनी भाषण करावं तशी वाचायला सुरुवात केली. खणखणीत आवाज, चेहऱ्यावरची रेषही हलत नव्हती. "त्याची दूरदृष्टी पाहून" पाशी थांबले, वर बघितलं, "मी थक्क होत असे" म्हणाले आणि खरोखरच थक्क झाल्यासारखा चेहरा केला. ही पदर तोंडात कोंबून बसलेली. मी भाजीच्या रिकाम्या भांड्यात बघत होतो. "वस्तुतः असा जावई मिळणे" आलं तेव्हा हिच्याने राहवेना, ती जी हसत सुटली ती खुर्चीवरून घसरली.

"वस्तुतः," बाबा म्हणाले. "हा शब्द मी ऐंशी वर्षांत एकदाही वापरलेला नाही, जावईबापू."

मी सगळं कबूल केलं. एका दमात, ओरडून, कारण त्यांना ऐकू येत नाही.

"ओरडू नका," बाबा म्हणाले. "आठ तारखेला स्वयंपाकघरात कुजबुजत होतात तेव्हाही नीट ऐकू येत होतं. चाळीस वर्षं तारेला कान लावून पलीकडचा बिघाड ओळखलाय मी. सगळं ऐकू येतं असं कळलं की घरात लोक बोलायचे थांबतात, म्हणून ते मशीन ड्रॉवरमध्ये."

मग मला कॉम्प्युटरसमोर बसवलं. फुगा आलेलाच होता. मी सवयीने फुली मारायला गेलो, त्यांनी माझा हात धरला. "आज नका मारू. उघडा."

मी तो कप्पा उघडला. बावीस वर्षं मशीनं दुरुस्त करतोय, घरच्या मशीनचा तो कप्पा आज पहिल्यांदा उघडला. कंपनीची फाईल होती, "इथे काही ठेवू नये." तिच्या खाली ओळीने फोल्डर. दर रविवारची एक प्रत. चार वर्षांचे सगळे रविवार, फोटोंसकट. जागा कमी पडेल नाही तर काय!

"तुम्हीच म्हणालात," बाबा म्हणाले, "घर जळालं तरी तिजोरी राहते. या घरात आग लावणारा कोण आहे हे मला ठाऊक होतं. आणि तो कुठे हात लावत नाही, तेही त्यानेच सांगितलं होतं."

"मग त्याच दिवशी का नाही सांगितलंत?"

"सांगणारच होतो. पण त्याच आठवड्यात तुम्ही जेवताना बकरीबद्दल विचारलंत. चोवीस वर्षांत तुम्ही मला काही विचारलंत असं ते पहिल्यांदाच. मजा येत होती हो."

त्यानंतर ते झोपायला गेले. मी खरं चौदावं प्रकरण उघडलं. शीर्षक "शिडी". साडेतीन पानं नाहीत, पाऊण पान आहे. इथे उतरवून घेतो:

"आमच्या गल्लीतली लाईन बंद पडली. हाताखालचे लोक रजेवर, म्हणून मीच चढलो. अर्ध्यावर शिडी डुगडुगली आणि एकदम स्थिर झाली. खाली बघितलं तर जावई. ज्याच्याशी मी दोन वर्षं बोललो नव्हतो तो. काही बोलला नाही, वरही बघितलं नाही, दोन्ही हातांनी शिडी धरून उभा राहिला. जोडणी दहा मिनिटांत झाली होती. मी मुद्दाम अर्धा तास वर बसून राहिलो. ऊन मरणाचं होतं. शिडी हलली नाही. मग खाली उतरलो आणि म्हटलं, चला, चहा घेऊ."

मला ती शिडी आठवते. हात भरून आले होते. मला वाटलं होतं, बिघाड मोठा असेल.

माझ्या साडेतीन पानांत शिडी नाही. ती सांगण्यासारखी गोष्ट आहे असं मला कधी वाटलंच नव्हतं.

५ एप्रिल, रविवार

मेळावा झाला. नऊच्या नऊजण आले होते. पुस्तक वेळेवर आलं, खरं पुस्तक, बकरीसकट. मात्र बाबांनी छापखानेवाल्याला गुपचूप आणखी साडेतीन पानं दिली होती. शेवटी पुरवणी आहे: "जावयाविषयी, खुद्द जावयाच्या शब्दांत." नऊ म्हातारे चष्मे लावून ती आधी वाचायला लागले. निघताना एकेकाने माझा हात हातात घेतला आणि म्हणाला, "वस्तुतः, आनंद झाला."

७ एप्रिल, मंगळवार

घरच्या कॉम्प्युटरच्या रिकव्हरी डिस्क आज केल्या, म्हणजे त्या मागच्या कप्प्याची डीव्हीडीवर नक्कल. मशीन नवीन आणल्या दिवशीच करायच्या असतात, असं मी गिऱ्हाइकांना शपथेवर सांगतो. तीन संच केले. एक घरी, एक दुकानात, एक डॉक्टरीणबाईंकडे. आता डिस्क आहेतच, तर कप्प्यातल्या फायली दुसरीकडे हलवू का, असं बाबांना विचारलं. नको म्हणाले. "त्या जागेची मला सवय झालीय."

दुपारी बाबा दुकानात आले. आजवर कधी आले नव्हते. दोन गिऱ्हाइकं पुढे होती, त्यांच्यामागे निमूट बाकावर बसले. पाळी आल्यावर उठून काउंटरशी आले, रजिस्टर स्वतःच ओढून घेतलं आणि ऐटीत पेन मागितलं.

"काय बिघडलंय?" मी विचारलं.

"काही नाही. तुमची पद्धत बघायला आलोय. चालू द्या."

मी घसा साफ केला. "आत काही आहे का?"

"छे," बाबा म्हणाले.

"आत काही आहे का?"

"असेल थोडंफार."

तिसऱ्यांदा हळूच विचारलं. इतकं हळू, की त्यांच्यासारख्या कानाच्या माणसालाच ऐकू जावं.

"बाबा, आत काही आहे का?"

बाबांनी पेन खाली ठेवलं, काउंटरखालचं स्टूल पायाने पुढे ओढलं आणि दाराकडे एकदा बघून घेतलं.

"बसू का?" म्हणाले. "वेळ लागेल."

मी दुकानाचं शटर अर्धं खाली ओढलं.